शक्तीची मर्यादा आणि संभाषणाचा विस्तार

प्रक्षेपकाची शक्ति जितकी अधिक, तितकी बिनतारी सेवा उत्तम, असा आरंभकाळीं सर्वसाधारण समज होता. आगबोटींच्या बाबतींत तो बराचसा खराही होता. कारण समुद्रावर जिंकावयाचें असतें तें अंतर. शहरांत मात्र खरी अडचण अंतराची नसून शेजाऱ्याची असते.

१७ जून १९४६ रोजीं अमेरिकेंतील सेंट लुई शहरांत मोटारींतून टेलिफोन करण्याची सोय सुरू झाली. एकच बलवान प्रक्षेपक सारें शहर व्यापीत असे, आणि त्यांतच दोष होता. ज्या कंपनसंख्येवर एक मनुष्य बोले, ती तेवढा वेळ इतर सर्वांना बंद होई. वाड्यांतील एका बिऱ्हाडानें ओरडून बोलावें आणि बाकीच्यांनीं गप्प बसावें, तसाच हा प्रकार! याच पद्धतीच्या सुधारलेल्या सेवेजवळ १९७६ मध्यें न्यूयॉर्कसारख्या महानगरांत अवघ्या १२ वाहिन्या होत्या. ग्राहक होते ५४३, आणि वाट पाहणारे सुमारे ३,७००. प्रक्षेपकाची शक्ति कितीही वाढविली असती, तरी यांपैकीं एकाचीही सोय झाली नसती.

यावरचा उपाय अगदीं उलट दिशेचा होता, आणि तो १९४७ च्या डिसेंबरांतच कागदावर उतरला होता. बेल प्रयोगशाळेंतील डग्लस रिंग यांनीं रे यंग यांच्या साहाय्यानें अशी योजना मांडली कीं, प्रदेशाचे लहान लहान षट्कोनी विभाग पाडावे, प्रत्येकांत बेताच्या शक्तीचा प्रक्षेपक ठेवावा आणि शेजारच्या विभागांस निराळ्या कंपनसंख्या द्याव्या. आवाज दूर जात नसल्यामुळें तीच कंपनसंख्या थोड्या अंतरावरील विभागांत पुन्हां वापरतां येते. मात्र मोटार एका विभागांतून दुसऱ्यांत शिरतांना संभाषण तुटूं नये, अशी स्वयंचलित यंत्रणा सिद्ध होण्यास आणि सरकारकडून पुरेशा कंपनसंख्या मिळण्यास अनेक वर्षें लागलीं. अमेरिकेंत अशी व्यापारी सेवा १३ ऑक्टोबर १९८३ रोजीं शिकागो येथें सुरू झाली.

पुढें हा संयम हातांतल्या यंत्रानेंही पत्करला. १९९५ मध्यें हाँगकाँग येथें सुरू झालेल्या एका पद्धतींत अनेकजण एकाच कंपनसंख्येवर बोलत. मनोऱ्याजवळच्या यंत्रानें दूरच्यांचा आवाज बुडवूं नये, म्हणून प्रत्येक यंत्राची शक्ति सेकंदास ८०० वेळां कमीअधिक केली जाई.

या मर्यादेची किंमतही असते. क्षीण लहरी जाड भिंतींआड व तळघरांत पोंचत नाहींत. मनोरे अधिक उभारावे लागतात, आणि खर्च वाढतो. तरीही दाट वस्तीच्या शहरांत लक्षावधि लोकांना एकाच वेळीं बोलतां येऊं लागलें, तें मुख्यतः प्रत्येकाचा आवाज आपल्या विभागापुरता ठेवल्यामुळेंच.