पनवेल-१ ची वंशावळ

पनवेल गावाचे नाव धारण करणारे भाताचे वाण तेथील खार जमीन संशोधन केंद्रात ऐंशीच्या दशकात सिद्ध झाले, असे दप्तर सांगते, आणि ते यथार्थही आहे. परंतु त्या कुळाच्या मूळपुरुषाचा शोध घ्यावयाचा, तर खाडीकाठच्या बांधावरच जावे लागते.

जुन्या कुलाबा जिल्ह्यात भरतीच्या पाण्यापासून जमीन सोडवून घेण्याचे आणि बांध राखण्याचे काम शिलोत्रदारांकडे असे. उधाणात बांधाला खांड पडली, खारे पाणी शेतात शिरले आणि पीक जळाले, म्हणजे जी थोडी रोपे तग धरून उभी राहत, त्यांचेच दाणे आगरी शेतकरी पुढल्या सालच्या रहूसाठी, म्हणजे मोड आणून चिखलात फेकण्यासाठी, राखून ठेवी. समुद्राने कठोर परीक्षा घ्यावी आणि शेतकऱ्याने उत्तीर्णांना वंशवृद्धीचा अधिकार द्यावा, अशा या पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीतून तांबड्या दाण्याचा, उंच वाढणारा ‘राता’ निपजला. वाणांची पैदास ज्याला म्हणतात, ती याहून निराळी नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढे शेतीखात्याच्या संशोधकांनी सरमिसळ रात्यातून एकेका लोंबीचे बी वेगळे पेरून शुद्ध वंश निवडले. भुरा राता ४-१० व काळा राता १-२४ ही त्यांची नावे देशोदेशींच्या भातसंशोधकांना परिचित आहेत. राता मीठ सोशी, परंतु दाणे भरताच लोळे. उलट फिलिपाईन्समध्ये १९६६ साली प्रसृत झालेला, तैवानच्या बुटक्या भाताचा अंश वाहणारा आयआर-८ ताठ उभा राही व भरघोस पिके, पण खाऱ्या जमिनीत त्याचा निभाव लागत नसे. फूल उमलण्यापूर्वी त्यातील सहाही पुंकेसर काढून त्यावर दुसऱ्या वाणाचे पराग शिंपडावयाचे, या अतिशय नाजूक हस्तकौशल्याने भुरा राता आणि आयआर-८ यांचा संकर झाला. संततीची पिढ्यान्‌पिढ्या निवड होऊन पनवेल-१ जन्मास आले.

२०२५ च्या मे महिन्यात जाहीर झालेल्या पुसा डीएसटी राईस-१ या वाणात तर, बाहेरचे जनुक न घालता, भाताच्याच एका जनुकात फेरफार करून क्षार व दुष्काळ सोसण्याची शक्ती वाढविलेली आहे. ही विद्या मला वंदनीय वाटते. मात्र वंशावळीच्या कागदात ‘भुरा राता’ एवढेच लिहून भागत नाही. शेतकऱ्यांच्या वाणांना नोंदणीचा हक्क देणारा कायदा २००१ साली झाला आहे, आणि खाडीकाठी ज्या कुटुंबांकडे रात्याचे बी अजून असेल, त्यांच्या नावे ते दाखल करण्यास शासनाने आता विलंब लावू नये.