तापाचे पहिले तीन दिवस

इंग्लंडमधल्या एखाद्या गावातले मोठे दुकान, ज्याला सुपरमार्केट म्हणतात, सकाळी उघडते तेव्हा फळ्यांवर दूध, पाव, कोबी, मटण सगळे मांडून तयार असते. गिऱ्हाईक येते, टोपली भरते, पैसे देते आणि जाते. हा माल रात्री केव्हातरी कुणीतरी लांबच्या गोदामातून आणून मागच्या दाराशी उतरवला आहे, हे त्याच्या मनातही येत नाही. यायचे कारणही नाही म्हणा. आपण तरी दूधवाल्याची चौकशी केव्हा करतो? तो आला नाही म्हणजे.

तर वाचकहो, या मालमोटारीच्या ड्रायव्हरविषयी थोडे सांगायचे आहे, आणि तेही एकाच बाजूने. या माणसाला रात्री ताप भरला तर तो गाडीवर जातो की घरी निजून राहतो? प्रश्न साधा दिसतो. पण उत्तर शोधू गेले म्हणजे शंभरावर वर्षांचा इतिहास उकरावा लागतो.

गाडी मोटारीची होण्यापूर्वी घोड्याची होती. बंदरातून वखारीत आणि वखारीतून दुकानात माल पोचवणारे गाडीवान इंग्लंडच्या प्रत्येक शहरात होते. पहाटे उठून घोड्याला दाणापाणी करायचे, मग दिवसभर गाडी हाकायची, आणि रात्री घोडा बांधूनच घरी जायचे. घोडा आजारी पडला तर मालक धावाधाव करी, कारण घोडा विकत घेतलेला असे. गाडीवान आजारी पडला तर खाडा, आणि खाडा झाला की पैसा नाही. ज्याला जमे तो परस्पर साहाय्याच्या मंडळीत आठवड्याला काही पेन्स भरी. इंग्लंडभर अशा मंडळ्यांचे जाळे होते. आपल्याकडची भिशी आठवेल तुम्हाला. पण भिशीत पाळी येते, इथे दुखणे यावे लागे. सभासद अंथरुणाला खिळला की मंडळीचा माणूस घरी येऊन खात्री करून जाई. आजारी म्हणून सांगितलेला गृहस्थ गुत्त्यात दिसला तर पैसे बंद! नियम कडक होते खरे, पण ते गरिबांनीच गरिबांसाठी केलेले होते.

अशाच गाडीवानांपैकी एक अर्नेस्ट बेव्हिन. सॉमरसेटच्या खेड्यातला हा पोरका मुलगा ब्रिस्टल शहरात येऊन सोडावॉटरच्या बाटल्यांची गाडी हाकू लागला. १९१० मध्ये त्याने ब्रिस्टलच्या गाडीवानांना गोदी कामगारांच्या संघटनेत आणले, आणि १९२२ मध्ये अनेक लहानमोठ्या संघटना एकत्र करून वाहतूक व सर्वसाधारण कामगारांची प्रचंड युनियन उभी केली. पुढे हाच मनुष्य महायुद्धाच्या काळात ब्रिटनचा मजूरमंत्री झाला. हिंदुस्थानातले तरुण कारागीर त्या वेळी शिक्षणासाठी विलायतेला पाठवले गेले त्यांना बेव्हिन ट्रेनी म्हणत, तो बेव्हिन हाच.

परंतु आजारपणाचा प्रश्न सरकारच्या दाराशी आणला तो लॉइड जॉर्ज यांनी. जर्मनीत बिस्मार्कने १८८३ मध्ये कामगारांचा आजारविमा सुरू केला होता. त्याचा धडा घेऊन १९११ मध्ये ब्रिटनमध्ये राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला. कामगाराने आठवड्याला ४ पेन्स भरायचे, मालकाने ३ आणि सरकारने २. चारात नऊ, असा त्याचा गाजावाजा झाला. दुखणे आले की पुरुषाला आठवड्याला १० शिलिंग मिळणार, तेही २६ आठवड्यांपर्यंत. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. मंडळीत पेन्स भरायलाही ज्यांच्याजवळ नव्हते, अशा लाखो घरांत पहिल्यांदाच दुखण्याच्या दिवसांत पैसा येणार होता.

मात्र या कायद्यात एक अट होती. पैसे चौथ्या दिवसापासून मिळायचे. पहिले तीन दिवस ज्याचे त्याने सोसायचे. कारणेही दिली जात. एक-दोन दिवसांच्या सर्दी-पडशाचे हिशेब ठेवायचे म्हणजे कारकुनांचाच खर्च वाढणार, आणि माणूस उगाच घरी बसेल ही जुनी धास्ती तर होतीच. अट लहान होती. पण हे तीन दिवस तुम्ही ध्यानात ठेवा, कारण पुढे सगळे बदलले तरी ते काही हलले नाहीत.

दरम्यान घोडा गेला आणि लॉरी आली. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या कितीतरी शिपायांनी लष्कराच्या जुन्या लॉऱ्या विकत घेऊन धंदा मांडला. चढाओढ एवढी वाढली की ड्रायव्हर रात्र-रात्र चाकावर बसू लागले. मग १९३० च्या रस्ते वाहतूक कायद्याने मर्यादा घातली: सलग साडेपाच तासांहून अधिक गाडी हाकायची नाही, चोवीस तासांत एकूण ११ तासांहून अधिक नाही, आणि चोवीस तासांत सलग १० तास विसावा. कारखान्यातल्या प्रौढ पुरुषाचे तास मोजायला पार्लमेंट एवढे राजी नव्हते. ड्रायव्हरचे मात्र मोजले. का? तर रस्ता सर्वांचा आहे. डुलकी लागलेला ड्रायव्हर दुसऱ्याच्या पोराला चिरडील, ही भीती. कायदा ड्रायव्हरच्या कळवळ्यापोटी झाला असे मला वाटत नाही. तो रस्त्यावरच्या इतरांसाठी झाला, त्यात ड्रायव्हरला झोप मिळाली इतकेच. आणि झोपेचा विचार करणाऱ्या त्या कायद्याने तापाचा विचार केला नाही. तापाने डोळे मिटतात ते काय वेगळे मिटतात?

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या डिसेंबरात, बेव्हरिज यांचा अहवाल निघाला, आणि ५ जुलै १९४८ पासून ब्रिटनच्या सर्व कामकऱ्यांना एकाच विम्याखाली आणले गेले. तीन दिवसांची अट राहिलीच. मध्यंतरी काही काळ दुखणे पुरेसे लांबले तर तेही दिवस भरून मिळत, एवढीच काय ती सवलत. आपल्याकडेही हेच वारे पोचले होते. १९४४ मध्ये प्रा. बी. पी. आडारकर यांनी कामगारांच्या आजारविम्याची योजना सरकारला सादर केली. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखाते त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याकडे होते. त्यातूनच १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा आला, आणि फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे त्याची सुरुवात झाली. आपल्या कायद्यात पहिले दोन दिवस बिनपैशाचे होते. म्हणजे विलायतेपेक्षा आपण एक दिवसाने उदार! पण तो कायदा मुळात कारखान्यांसाठी होता. मालमोटारीवरचा माणूस पहिल्या फेरीत त्याच्या बाहेरच राहिला.

असो. पुन्हा विलायतेकडे वळू.

१९५० मध्ये सेन्सबरी कंपनीने लंडनजवळ क्रॉयडन येथे आपले पहिले स्वयंसेवेचे दुकान उघडले. गिऱ्हाइकाने आपल्या हाताने माल घ्यायचा, ही कल्पना तेव्हा नवी होती. हळूहळू अशा दुकानांच्या साखळ्या झाल्या. आरंभी प्रत्येक कारखानदार आपापली गाडी दुकानाच्या मागच्या दाराशी धाडी. १९८० नंतर कंपन्यांनी मोठमोठी प्रादेशिक गोदामे बांधली, सगळा माल तिथे यावा आणि तिथून ठरल्या वेळी दुकानोदुकानी जावा अशी व्यवस्था केली. दुकानात साठा ठेवायचा नाही, जागा वाचवायची. म्हणजे साठा आता रस्त्यावरच फिरू लागला. गाडी उशिरा पोचली तर फळी रिकामी. ड्रायव्हरचे काम नुसते चाकावर बसण्याचेही राहिले नाही. माल चाकांच्या उंच पिंजऱ्यांत भरलेला असतो. ते पिंजरे गाडीच्या मागच्या उचलपट्टीवरून खाली घ्यायचे, ओल्या फरसबंदीवरून दारात ढकलायचे. पाठ धरते ती इथे. थंड मालाची गाडी असेल तर आत गारठा आणि बाहेर ऊन, असे दिवसातून कितीदा तरी चढ-उतर करायचे.

तास मोजायला यंत्रही आले. टॅकोग्राफ नावाची ही चकती गाडी किती वाजता सुटली, किती वेगाने गेली, केव्हा थांबली, सारे कागदावर ओरखडून ठेवी. ब्रिटिश ड्रायव्हरांनी तिला केबिनमधला हेर म्हटले आणि वर्षानुवर्षे विरोध केला; युरोपच्या न्यायालयाने १९७९ मध्ये ब्रिटनविरुद्ध निकाल दिल्यावर ती सक्तीने बसलीच. त्याच वर्षी जानेवारीत लॉरी ड्रायव्हरांचा मोठा संप झाला, दुकानांत टंचाई पडली, आणि गिऱ्हाइकाला मागच्या दाराची आठवण झाली. मुख्य मागणी पगाराची होती. संप मिटला, वाढ मिळाली, आठवण पुसली गेली.

आता खरा बदल. १९८३ च्या एप्रिलपासून आजारपणाचा पैसा देण्याचे काम सरकारने मालकावर सोपवले. आधी पहिले ८ आठवडे, १९८६ पासून २८ आठवडे. आरंभी मालकाला हा खर्च सरकार पूर्ण भरून देई. १९९१ मध्ये ते ८० टक्क्यांवर आणले, आणि १९९४ मध्ये मोठ्या मालकांसाठी बंद केले. कागदावर हा फक्त हिशेबाचा फेरफार. पण विमा ही सगळ्यांची सामाईक पेटी असते; तिच्यातून काढून हे ओझे एकेका मालकाच्या गल्ल्यावर ठेवले, की ड्रायव्हरचा ताप त्याच्या वरिष्ठाला थेट खर्चाच्या रकान्यात दिसू लागतो.

हिशेब करूनच पाहू. २०२५ सालचा कायदेशीर दर आठवड्याला ११८.७५ पौंड होता. पाच दिवसांचा आठवडा धरला तर दिवसाला २३.७५. ड्रायव्हर सोमवार ते शुक्रवार अंथरुणात पडला, तर पहिले तीन दिवस वजा, उरले दोन. हातात साडेसत्तेचाळीस पौंड! त्याचा नेहमीचा पगार याच्या कित्येक पट. आणि दुखणे तीन दिवसांतच आटोपले, तर काहीच नाही. चांगल्या कंपन्या करारानुसार जास्त देतात, युनियन बळकट असेल तिथे पूर्ण पगारही देतात, हे सांगितले पाहिजे. पण उलटेही घडले. २००४ मध्ये टेस्को कंपनीने काही दुकानांत पहिल्या तीन दिवसांचा पगार न देण्याचा प्रयोग केला. तो दुकानातल्या माणसांसाठी होता, ड्रायव्हरांसाठी नव्हे. पण विचार कोणत्या दिशेने चालला होता ते त्यावरून कळते.

ड्रायव्हरच्या बाबतीत पैशाखेरीज आणखी एक भीती असते, ती परवान्याची. अवजड गाडीच्या परवान्याला वैद्यकीय तपासणी लागते. पंचेचाळिशीपासून दर पाच वर्षांनी आणि पासष्टीनंतर दरवर्षी. नियम योग्यच आहे. पण कारकुनाला भोवळ आली तर तो खुर्चीत टेकतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर येतो. ड्रायव्हरला भोवळ आली तर त्याचे पोटच जाते. २२ डिसेंबर २०१४ रोजी ग्लासगो शहरात कचऱ्याची एक लॉरी भरगर्दीत फुटपाथवर चढली आणि सहा माणसे ठार झाली. ड्रायव्हर चाकावरच बेशुद्ध पडला होता. चौकशीत निघाले की २०१० मध्ये बस चालवतानाही त्याची शुद्ध गेली होती, आणि ते त्याने लपवले होते. त्याची बाजू मी घेत नाही. ज्यांची माणसे गेली त्यांच्यापुढे ती कुणी घेऊ नये. पण दुखणे सांगितले की नुकसान आणि लपवले की पगार, अशी व्यवस्था जिथे असते तिथे लपवणारा एकटाच नसतो.

मग २०२० चा मार्च आला. कोरोनाच्या भीतीने लोकांनी दुकाने रिकामी केली, फळ्यांवर काही उरेना. सरकारने दोन गोष्टी केल्या. कोरोनापुरते आजारपणाचे पैसे पहिल्या दिवसापासून द्यायचे ठरवले. आणि त्याच महिन्यात, दुकानांत माल पोचावा म्हणून, ड्रायव्हरांचे तास तात्पुरते सैल केले: दिवसाला ९ तासांची मर्यादा ११ वर गेली, आणि साडेचार तासांनी घ्यायची विश्रांती साडेपाच तासांनी चालेल असे ठरले. ११ आणि साडेपाच! हे आकडे तुम्ही वर वाचलेत. १९३० च्या कायद्यातलेच ते. नव्वद वर्षे मोजून मोजून कमी केलेले तास एका फर्मानासरशी जुन्या जागी गेले. पुढे फर्मान मागे घेतले गेले, आणि २०२२ च्या मार्चमध्ये पहिल्या दिवसाची सवलतही संपली. मधल्या काळात, २०२१ मध्ये, वाहतूकदारांच्या संघटनेने लाखभर ड्रायव्हर कमी पडत असल्याचा अंदाज सांगितला, आणि पेट्रोलच्या टाक्या पोचवायला लष्कराची माणसे बोलवावी लागली.

डिसेंबर २०२५ मध्ये पार्लमेंटचा नवा रोजगार हक्क कायदा झाला. एप्रिल २०२६ पासून ते तीन दिवस काढून टाकायचे त्यात ठरले. पैसे पहिल्या दिवसापासून. लॉइड जॉर्ज यांच्या कायद्यापासून मोजले तर याला ११५ वर्षे लागली.

हे सारे नोकर असलेल्यांसाठी. सुपरमार्केटचा माल वाहणारे सगळेच तिचे नोकर नसतात. कुणी ठेकेदाराचा असतो, कुणी पुरवठादार एजन्सीचा, आणि कुणी स्वतःचाच मालक म्हणून नोंदलेला असतो. या शेवटच्या ड्रायव्हरला मालकाकडून आजारपणाचा पैसा मागता येत नाही, कारण मालक म्हणून कागदावर त्याचेच नाव असते. त्याने विम्याचे हप्ते पुरेसे भरले असतील तर तो सरकारच्या दुसऱ्या एका भत्त्याकडे जातो. तिथे २०१४ पर्यंत वाट पाहण्याचे दिवस तीन होते. त्या वर्षी ते सात केले.