टार्निट : काळ्या दगडावरचं आपलं गाव



भारतातून आलेले आई-बाबा पहिल्या आठवड्यातच विचारतात, "सगळी घरं सारखीच. या गावाला काही इतिहास आहे की नाही?" आता आपली पोरंही तेच म्हणायला लागलीत. शाळेत स्थानिक इतिहासाचा प्रोजेक्ट आला की थेट बॅलराटच्या सोन्यावर लिहितात. म्हणून ही जरा लांब पोस्ट.

सुरुवात पायाखालून. घर बांधताना दगड फोडायचे जादा पैसे तुमच्यापैकी अनेकांनी भरले असतील (सीए असल्यामुळे माझं लक्ष आधी त्या ओळीवर जातं!). तो दगड म्हणजे बेसॉल्ट. सह्याद्रीचा, वेरूळच्या लेण्यांचा काळा पाषाण. आपला दख्खनचा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला त्यामानाने कालचा, पन्नास लाख वर्षांच्या आतला. वायव्येला माउंट कॉट्रेल नावाची बसकी टेकडी आहे ना, तो विझलेला ज्वालामुखी. तिथून वाहिलेल्या लाव्ह्याने हा सपाट माळ घडवला. वरची चिकणमाती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. विदर्भ-मराठवाड्यातल्यांना वेगळं सांगायला नको. म्हणूनच इथे घराचा पाया इतका काळजीपूर्वक आखतात.

पाऊसही ओळखीचा. महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटर आणि माणमध्ये पाचशेच्या आसपास, हे आपण भूगोलात शिकलो. इथे सह्याद्रीची जागा ऑटवेच्या डोंगरांनी घेतली आहे. त्यांच्या काही भागांत वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आपल्या पश्चिम पट्ट्यात साडेपाचशेच्या आत-बाहेर. पर्जन्यछाया! त्यामुळे इथे घनदाट झाडी नव्हती, होतं ते गवत.

त्या गवतावर हजारो वर्षं माणसं राहत होती. 'टार्निट' हा शब्द वाडावुरुंग भाषेतला, अर्थ 'पांढरा' असं सांगतात. वेरिबी म्हणजे पाठीचा कणा. ही नदी वाडावुरुंग आणि बुनुरोंग यांच्या प्रदेशांची सीमा मानली जाते. १८३५ मध्ये बॅटमन आला आणि वर्षभरात मेंढ्या इथवर पोचल्या. जुलै १८३६ मध्ये माउंट कॉट्रेलजवळ चार्ल्स फ्रँक्स हा मेंढपाळ-मालक आणि त्याचा एक माणूस मारले गेले. सूड म्हणून गोऱ्यांची टोळी निघाली आणि निदान दहा वाडावुरुंग मारले गेले असं मानलं जातं. मोठ्या मुलांना हे सांगायला हवं असं माझं मत. प्रोजेक्टमध्ये 'पायोनियर' एवढंच लिहून भागत नाही.

पुढे चर्नसाइड कुटुंबाने प्रचंड जमीन घेतली. वेरिबी पार्कचा १८७० च्या दशकातला वाडा त्यांचाच. टार्निट मात्र विरळ वस्तीचं शेतशिवार राहिलं. मेंढ्या, गहू, सुकं गवत. शेतातले दगड वेचून रचलेल्या बिनचुन्याच्या भिंती, म्हणजे कोकणातले गडगेच, अजून काही ठिकाणी उभ्या आहेत. रस्ते रुंद होताहेत, तोवर पोरांना दाखवून घ्या.

आणि मग आपण आलो. २०१६ च्या जनगणनेत टार्निटची लोकसंख्या ३४,५६२ होती, २०२१ मध्ये ५६,३७०. पाच वर्षांत २१,८०८ माणसं वाढली, म्हणजे ६३ टक्के. क्लायंटच्या वह्यांत असा आकडा दिसला तर मी आधी व्हाउचर मागेन! पण इथे व्हाउचर समोर आहे: जून २०१५ मध्ये सुरू झालेलं स्टेशन. जिलाँगच्या डिझेल गाडीत सकाळी उभं राहून जाणाऱ्यांना पुरावा नको.

घरात इंग्रजीखालोखाल इथे पंजाबी बोलली जाते. मराठी किती, हे आपण फॉर्मवर काय लिहितो त्यावर ठरतं. काही घरांत 'मुलं इंग्रजीतच उत्तर देतात' म्हणून मुलांपुढे फक्त इंग्रजी लिहितात, काही जण सरसकट हिंदी. शाळा, ग्रंथालयं, दुभाषे यांचं नियोजन याच आकड्यांवरून होतं. पुढची जनगणना ऑगस्ट २०२६ मध्ये आहे. घरी मराठी बोलत असाल तर प्रत्येक माणसाच्या रकान्यात ती लिहा, दोन वर्षांच्या बाळाच्याही. आजी-आजोबा त्या रात्री इथे असतील तर त्यांनाही मोजायचं असतं.