ब्लड सिंपल

अमेरिकी निओ-न्वार गुन्हेपट (१९८४). जोएल कोएन (जन्म १९५४) आणि ईथन कोएन (जन्म १९५७) या भावांची ही पहिलीच निर्मिती. पटकथा दोघांची. श्रेयनामावलीत दिग्दर्शक जोएल आणि निर्माता ईथन अशी वाटणी दिसते, पण चित्रपट दोघांनी मिळूनच घडवला. संकलक म्हणून झळकणारे रॉडरिक जेन्स हेही त्यांचेच टोपणनाव. शीर्षक डॅशिएल हॅमेट याच्या ‘रेड हार्वेस्ट’ (१९२९) या कादंबरीतून घेतले आहे. हाणामारी आणि खुनांच्या वातावरणात राहून माणसाची मती गुंग होते, असा त्याचा रोख.

सॅम रेमी याच्या ‘द ईव्हिल डेड’ (१९८१) या भयपटाच्या संकलनात जोएलने साहाय्यक म्हणून काम केले होते. हाती पैसा नव्हता, नावही नव्हते. तेव्हा रेमीचाच कित्ता गिरवत कोएन बंधूंनी आधी न काढलेल्या चित्रपटाची झलक चित्रित केली आणि प्रोजेक्टर घेऊन मिनेसोटातील संभाव्य गुंतवणूकदारांचे उंबरे झिजवले. एकूण खर्च सुमारे १५ लाख डॉलर झाला. हॉलिवूडच्या हिशेबात ही रक्कम किरकोळच. चित्रीकरण १९८२ मध्ये टेक्सासातील ऑस्टिन शहरात व परिसरात पार पडले.

कथा चौघांभोवती फिरते. बारमालक मार्टी (डॅन हेडाया) याची बायको अ‍ॅबी (फ्रान्सिस मॅकडॉर्मंड) आणि त्याच्याच बारमधला नोकर रे (जॉन गेट्झ) यांचे प्रेमसंबंध आहेत. मार्टी आधी खासगी गुप्तहेर व्हिसर (एम. एमेट वॉल्श) याला त्यांच्या मागावर सोडतो आणि मग १० हजार डॉलर देऊन दोघांना मारायला सांगतो. व्हिसर झोपलेल्या जोडप्याचा फोटो काढतो, त्यात फेरफार करून ती दोघे मेल्याचे भासवतो, पैसे उचलतो आणि अ‍ॅबीच्याच पिस्तुलाने मार्टीवर गोळी झाडतो. रे तिथे येतो, पिस्तूल ओळखतो आणि खून अ‍ॅबीने केला असे समजून तिला वाचवायला निघतो.

चित्रपटाचे खरे बळ इथे आहे. कोणत्याही पात्राला संपूर्ण सत्य ठाऊक नाही, ते फक्त प्रेक्षकाला ठाऊक आहे. नेहमीच्या रहस्यपटात प्रेक्षक खुनी कोण हे शोधत बसतो. इथे तो सगळे जाणून असतो, पण पडद्यावरच्या माणसाला सावध करू शकत नाही. रे आणि अ‍ॅबी एकमेकांशी बोलतात, पण प्रत्येक जण दुसऱ्याच गोष्टीविषयी बोलत असतो. दोन स्पष्ट वाक्यांनी सुटला असता असा गुंता त्यामुळे जीवघेणा होतो. महागड्या देखाव्यांनी हा ताण निर्माण झाला नसता.

रे पुरावा मिटवतो तो प्रसंग पाहावा. सांडलेले रक्त तो स्वतःच्या जाकिटाने पुसू पाहतो, तर ते आणखी पसरते. मृतदेह गाडीत घालून रात्री निघाल्यावर कळते की मार्टी अजून जिवंत आहे. निर्मनुष्य रस्त्यावर तो सरपटत जातो, समोरून ट्रक येतो, आणि शेवटी रे त्याला शेतात जिवंतच पुरतो. या साऱ्यात संवाद जवळजवळ नाहीत. माणूस मारणे किती कष्टाचे, किळसवाणे आणि लांबत जाणारे काम आहे, हे इतक्या धीटपणे दाखवणारे पदार्पण विरळाच.

छायाचित्रणकार बॅरी सोननफेल्ड याचाही हा पहिलाच कथापट. बारच्या काउंटरवरून सरकणारा कॅमेरा वाटेत झिंगून पडलेला गिऱ्हाईक आला की त्याला वरून ओलांडून पुढे जातो. अंगणातून दाराकडे धावत जाणारा कॅमेरा ही रेमीकडून उचललेली युक्ती. शेवटच्या चकमकीत अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला गोळ्यांनी भोके पडतात आणि प्रत्येक भोकातून प्रकाशाची तिरीप आत घुसते. कार्टर बर्वेल याचे पियानोप्रधान संगीतही त्याचे पहिलेच चित्रपटसंगीत, आणि मॅकडॉर्मंडचेही पडद्यावरील हे पदार्पण. तिने आणि जोएलने १९८४ मध्ये लग्न केले. वॉल्श मात्र मुरलेला नट होता. त्याचा घामेजलेला, हसतमुख, लोभी व्हिसर हा या चित्रपटातील सर्वोत्तम अभिनय होय.

पार्क सिटी येथील महोत्सवात (पुढे सनडान्स) १९८५ मध्ये चित्रपटाला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी तो अमेरिकेत प्रदर्शित झाला. पहिल्या इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कारांत वॉल्श सर्वोत्कृष्ट अभिनेता ठरला, तर दिग्दर्शनाचा पुरस्कार जोएल आणि मार्टिन स्कॉर्सेसी यांना विभागून मिळाला. समीक्षक पॉलीन केल यांना चित्रपट रुचला नाही. पुढे कोएन बंधूंनी त्याची काहीशी आटोपशीर आवृत्ती काढली. चिनी दिग्दर्शक झांग यीमौ यांनी २००९ मध्ये हेच कथानक चीनमधल्या वाळवंटी भागातील नूडलच्या दुकानात नेऊन नव्याने चित्रपट केला.