शिक्का होता, मोर्तब नव्हते

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या शाळेची एक छोटी वेबसाइट होती आणि ती सांभाळायचे काम माझ्याकडे होते. मला संगणकातले फार कळते म्हणून नव्हे, तर उर्दू आणि मराठी दोन्ही टाइप करता येते म्हणून. एका सकाळी साइटवर एक अनोळखी ॲडमिन खाते उगवलेले दिसले. नोंदी पाहिल्या, तर ते खाते तयार करणाऱ्याच्या रकान्यात माझेच नाव! बैठकीत सेक्रेटरी साहेबांनी छापील कागद माझ्यापुढे सरकवला आणि शांतपणे विचारले, "सर, पासवर्ड तुमच्याजवळच असतो ना?" तो आरोप नव्हता, प्रश्नच होता, पण माझ्याजवळ उत्तर नव्हते.

उत्तर दिले माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने. तो आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. म्हणाला, "सर, तुमचा पासवर्ड कुणी चोरलेलाच नाही. तुम्ही साइटवर लॉग-इन होतात आणि त्याच वेळी दुसरी कुठली तरी लिंक उघडलीत. त्या पानाने तुमच्याच ब्राउझरकडून हे काम करवून घेतलं." या प्रकाराचे नाव क्रॉस-साइट रिक्वेस्ट फोर्जरी. त्याला स्वतःचा इतिहास आहे, आणि इतिहास म्हटला की मला राहवत नाही.

वेबसाइटला मुळात स्मरणशक्ती नसते. एक पान दिले की ती तुम्हाला विसरते. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी यावर 'कुकी'चा उपाय काढला. एकदा लॉग-इन केले की साइट ब्राउझरच्या हाती ओळखीची चिठ्ठी देते. पुढे त्या साइटकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीबरोबर ब्राउझर ती चिठ्ठी आपणहून जोडतो. मेख इथेच आहे. विनंती कुणी करायला लावली, हे कुणी विचारतच नव्हते. भामट्याच्या पानावर डोळ्यांना न दिसणारे एक चित्र असते, आणि चित्राच्या पत्त्याच्या जागी असतो तुमच्या साइटला दिलेला हुकूम. ब्राउझर भाबडेपणाने चित्र आणायला जातो, सवयीने चिठ्ठी दाखवतो, आणि हुकूम तामील होतो.

हा घोटाळा वेबपेक्षाही जुना आहे. नॉर्म हार्डी यांनी १९८८ मध्ये टाइमशेअर या अमेरिकन कंपनीतला एक किस्सा लिहिला. तिथल्या एका कंपायलरला आपली आकडेवारी नोंदवण्यासाठी एका खास जागी लिहिण्याची मुभा होती. बिलांची फाइलही तिथेच होती. एका वापरकर्त्याने आपला मजकूर ठेवण्यासाठी नेमके त्या बिलांच्या फाइलचे नाव दिले. स्वतः त्याला त्या फाइलला हात लावता आला नसता, पण कंपायलरला मुभा होती. त्याने लिहिले आणि बिलांचा हिशेब पुसला गेला. हार्डींनी अशा सेवकाला 'गोंधळलेला मुखत्यार' म्हटले. अधिकार खरा, पण तो कुणासाठी वापरतो आहोत याचे भान नाही. माझा ब्राउझर तसाच मुखत्यार ठरला होता.

वेबवर हा दोष लवकर ओळखणाऱ्यांत मुक्त-स्रोत मंडळी होती. मुक्त-स्रोत म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता येतो, दुरुस्त करता येतो. २००० साली झोप या मुक्त-स्रोत प्रणालीच्या लोकांनी त्याला 'क्लायंट साइड ट्रोजन' म्हटले. जून २००१ मध्ये पीटर वॉटकिन्स यांनी आजचे नाव दिले आणि त्याच्या आद्याक्षरांचा उच्चार 'सी-सर्फ' असा करावा असेही सुचवले.

भाषेचा शिक्षक म्हणून मला हे नाव थोडे खटकते. फोर्जरी म्हणजे खोटी सही. इथे तर सही अस्सल असते, हुकूम तेवढा खोटा! आपल्या भाषेत यासाठी जास्त नेमका शब्द आहे: शिक्कामोर्तब. आज आपण तो एका दमात म्हणतो, पण जुन्या मराठी कागदांवर या दोन वेगळ्या मुद्रा असत. शिक्का माथ्यावर, पत्र कुणाचे ते सांगणारा. मोर्तब शेवटी, मजकूर इथे संपला, यापुढे कुणी काही घुसडू नये, हे सांगणारे. फारसीतून मराठीत आलेल्या या जोडीत दोन्ही गरजा ओळखलेल्या आहेत. वेबकडे कुकीचा शिक्का होता. मोर्तब नव्हते.

ते हळूहळू आले. प्रत्येक फॉर्ममध्ये एक गुप्त, सहज ओळखता न येणारा आकडा ठेवायचा आणि तो परत आला तरच हुकूम मानायचा. परक्या साइटला तुमच्या पानातला तो आकडा वाचता येत नाही. याला टोकन म्हणतात. वर्डप्रेसने जून २००६ च्या २.०.३ आवृत्तीत अशी व्यवस्था आणली. रेल्सने डिसेंबर २००७ मध्ये, तर जँगोने २०१० मध्ये ती आपल्या गाभ्यात घेतली. परिणाम इतका झाला, की ओवॅस्प या संस्थेने २०१७ च्या दहा मोठ्या धोक्यांच्या यादीतून हा दोष वगळला. २०२० मध्ये क्रोमनेही परक्या साइटवरून निघालेल्या बहुतेक विनंत्यांबरोबर कुकी पाठवणे बंद करायला सुरुवात केली.

तरी रोग मुळासकट गेला नाही. डिसेंबर २०१७ मध्येच आशुतोष बारोट या भारतीय संशोधकाने डेटाबेस सांभाळणाऱ्या पीएचपीमायॲडमिनमध्ये असा दोष दाखवला, की फसव्या लिंकवर एक क्लिक झाले तर डेटाबेसमधला तक्ताच उडावा. मार्च २०१९ मध्ये खुद्द वर्डप्रेसच्या प्रतिक्रियांच्या फॉर्ममध्ये टोकन नसल्याचे आढळले आणि ५.१.१ आवृत्ती काढावी लागली. प्लगइनची गोष्ट तर आणखी निराळी. वर्डप्रेस मोर्तब पुरवते, पण ते तपासायचे काम प्लगइन लिहिणाऱ्याचे. तो विसरला, की दार उघडे.

आमच्याकडे तेच झाले होते. विद्यार्थ्याने त्या प्लगइनच्या बदलांची यादी उघडून दाखवली. आमच्याकडे होती त्याच्या पुढच्या आवृत्तीसमोर लेखकाने स्वतःच नोंदवले होते, की टोकनची तपासणी राहून गेली होती, ती आता जोडली आहे. मी ते पान छापून सेक्रेटरी साहेबांपुढे ठेवले. त्यांनी दोनदा वाचले आणि म्हणाले, "म्हणजे कागद खरा, पण तुम्ही केलेलं नाही."

उघडा कोड चोरही वाचतो, हे खरेच. पण त्या लेखकाने आपली चूक गुपचूप दुरुस्त केली असती, तर त्या बैठकीत माझ्या बाजूने गवाही द्यायला कोण होते? नोंदीत माणसाचे नाव येते, त्याची नीयत येत नाही. म्हणून कुणाचे नाव एखाद्या नोंदीत दिसले, की मी आता आधी विचारतो: शिक्का तर दिसतोय, मोर्तब कुठे आहे?