चिकणा आणि मुद्रा

उकिरड्याच्या कडेला भेंडीच्या कुळातले एक रानझुडूप उगवते. कुणी त्याला पेटारी म्हणतात, कुणी मुद्रा. फुले पिवळी, दिवस कलता उमलणारी. फळ मात्र थेट शिक्क्यासारखे; शाईत बुडवून कागदावर दाबा, ठसा उठतो की नाही पाहा!

चरकसंहितेत बल देणाऱ्या दहा औषधी सांगितल्या आहेत. त्यांत बला नि अतिबला शेजारी-शेजारी येतात. बला म्हणजे आपला चिकणा; अतिबला ती ही मुद्रा, असे वैद्य मानतात. पुढे १७५६ साली स्वीडनच्या लिनियसने मुद्रेला ‘सिडा इंडिका’ म्हटले, म्हणजे चिकण्याच्याच घरात घातली. आता, ‘आमच्या ग्रंथांत हे आधीच होते’ असे म्हणण्याची घाई मी करणार नाही. वैद्यांनी जोडी लावली ती गुणावरून, लिनियसने फुलाच्या ठेवणीवरून.

ते घरही टिकले नाही. १८२६ मध्ये रॉबर्ट स्वीट या इंग्रजाने मुद्रा वेगळी काढून ‘अब्युटिलॉन’मध्ये नेली. चिकण्याच्या फळाच्या एकेका कप्प्यात एकच बी असते, मुद्रेच्या कप्प्यात एकाहून अधिक. गुरुजींनी दोन्हींची वाळलेली फळे वर्गात न्यावीत आणि बिया पोरांनाच मोजू द्याव्यात.