बुळकांडी आणि विश्वासाची सुई

बुळकांडी हा शब्द आता आमच्या गोव्यातल्या तरुण शेतकऱ्याच्या कानावरूनही गेला नसेल. ताप, तोंडात फोड, मग हगवण, आणि आठ-दहा दिवसांत जनावर आडवे. २०११ साली हा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर माणसाने समूळ घालवलेला हा दुसराच रोग. याचे श्रेय लसीला देतात, आणि ते रास्तच आहे. पण लस आली कधी आणि रोग गेला कधी, हे पाहिले तर मध्ये चाळीसएक वर्षे उरतात.

आफ्रिकेत हा रोग १८८७ च्या सुमारास पोहोचला. इटालियन सैन्यासाठी हिंदुस्थानातून नेलेल्या गुरांबरोबर तो मसावा बंदरात उतरला, असे मानले जाते. दहा वर्षांत तो थेट दक्षिण टोकापर्यंत गेला. अनेक ठिकाणी दहातली आठ-नऊ गुरे मेली, आणि इथिओपियात तर भीषण दुष्काळ पडला.

वॉल्टर प्लोराइट यांनी केनियात मुगुगा येथे १९५० च्या दशकाच्या अखेरीस उत्तम लस तयार केली. एकच टोचणी, जन्मभर पुरणारी. १९६२ ते १९७६ या काळात आफ्रिकेत मोठी मोहीम झाली, रोग जवळजवळ संपला. पण सुदान आणि मालीच्या कोपऱ्यांत तो तग धरून राहिला आणि १९८० नंतर पुन्हा उसळला. मी सरकारी कारकून, त्यामुळे या भागाशी माझी जवळीक वाटते. रकाने भरले म्हणजे काम झाले, असे कागदाला वाटते.

बरे, गुराखी अडाणी होते म्हणावे, तर तेही नाही. पश्चिम आफ्रिकेतले फुलानी गुरांच्या फुप्फुसाच्या साथीवर आजारी जनावराच्या फुप्फुसाचा तुकडा निरोगी जनावराच्या नाकाच्या कातडीखाली घालीत. टोचणे त्यांना ठाऊक होते. अडत होते ते टोचणाऱ्यापाशी. शहरातून जीपने येणारा, एका दिवसात परत जाणारा अनोळखी माणूस. दक्षिण सुदानातल्या डिंकांकडे तर लग्नाचा वधूमोलही गुरांत ठरतो आणि तरुण मुलगा आपल्या बैलाच्या रंगावरून नाव घेतो. शिवाय एकाच्या कळपात मामाची, मेहुण्याची, मित्राची गुरे चरत असतात. इतक्यांचा जीव ज्यात गुंतलेला, ते जनावर एकट्याने ठरवून परक्यापुढे कोण उभे करील? टोचल्यावर एखादी गाय गाभडली तर गोष्ट संध्याकाळपर्यंत साऱ्या छावणीत पोहोचते. लशीचा दोष असो वा नसो.

१९९० च्या सुमारास जेफ्री मॅरिनर यांनी उष्णता सोसणारी लस आणली. ती महिनाभर शीतपेटीशिवाय टिकत असे, म्हणून पायी नेता आली. पण नेणार कोण? मग छावणीतल्या वडीलधाऱ्यांनाच माणूस निवडायला सांगितले. तो गुरे राखणारा, त्यांच्यातलाच, चुकला तर सगळ्यांना तोंड दाखवावे लागणारा. त्याला थोडे दिवस शिकवले. दक्षिण सुदानात युद्ध चालू असतानाही टोचलेल्या गुरांचा आकडा १९९२ च्या मानाने १९९३ मध्ये सुमारे दसपट झाला. इथिओपियाच्या अफार वाळवंटात १९९४ साली वीसएक जणांनी सुमारे ७३ हजार गुरे टोचली.

आधी वडीलधाऱ्याचा कळप, मग शेजाऱ्याचा. मला तर वाटते, त्या मुखत्याराने आपली गाय पुढे केली, तेव्हाच खरी टोचणी झाली.

या रोगाची शेवटची खात्रीशीर नोंद २००१ ची. केनियातल्या मेरू राष्ट्रीय उद्यानात, रानटी म्हशींत.